गुरूचा ताप मोजताना

हवाईच्या मौना केआवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, नासाची ३.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण आहे. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये हिवाळ्यातली सकाळ उजाडायची असते. दुर्बीण हलवणारा ऑपरेटर हवाईत आणि आम्ही विद्यापीठातल्या आमच्या खोलीत, पडद्यासमोर.

पडद्यावर येणारा गुरू पुस्तकातला नसतोच. ३.९५ मायक्रॉनच्या आसपास त्याच्या हवेतला मिथेन सूर्यप्रकाश गिळून टाकतो. तबकडी काळवंडते आणि दोन्ही ध्रुवांवर तेजाची कडी उठून दिसतात. हा प्रकाश मिथेनच्या वर असलेल्या एच-थ्री-प्लस या भारित रेणूचा. ही कडी पेटती ठेवण्यात आयो या उपग्रहाचा मोठा हात आहे. आयोवरून सेकंदाला साधारण एक टन द्रव्य बाहेर पडतं आणि भारित होऊन गुरूच्या चुंबकांबरात अडकतं. दहा तासांच्या आत गिरकी घेणारा गुरू त्याला सोबत ओढतो, दूरवरचं द्रव्य मागे पडतं, आणि त्या ओढाताणीतून ध्रुवांपर्यंत विद्युतप्रवाह वाहतात. जूनो यानाच्या मोजमापांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं आहे.

वर्णपटमापकाची अरुंद फट गुरूवर ठेवून एक फ्रेम घ्यायची, लगेच दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळवून दुसरी. अवरक्तात आकाशच काय, दुर्बिणीचा आरसासुद्धा चमकतो. दुकानदार आधी भांड्याचा धडा करून मग तूप तोलतो, तशी ही वजाबाकी. उरलेल्या बारीक रेषांच्या तेजाच्या गुणोत्तरातून तापमान निघतं. मधेच ढग आला की तेवढ्या फ्रेम बाद. गुरू कुणासाठी थांबत नाही. तासाभरात तो ३६ अंश फिरलेला असतो.

एवढा खटाटोप एका कोड्यापायी. नुसत्या सूर्याच्या उष्णतेवर गुरूचं वरचं वातावरण उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं. प्रत्यक्षात ते ४०० अंशांच्या वर आहे. जेम्स ओडोनह्यू आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये केक दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दाखवलं की ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे तापमान हळूहळू उतरत जातं, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाची उष्णता ग्रहभर पसरते. इतका सरळ नकाशा पाहून मला अतोनात आनंद झाला होता.

या क्षेत्रातल्या नोकऱ्यांबद्दल मात्र मनापासून तक्रार आहे. गुरूचं एक वर्ष जवळपास बारा वर्षांचं; तरुण संशोधकाचं कंत्राट दोन-तीन वर्षांचं. गुरूचा एकही ऋतू पुरता न पाहता हुशार माणसं हे काम सोडून जातात. विद्यापीठांनी याचा विचार करायलाच हवा.

युरोपचं ज्यूस यान एप्रिल २०२३ मध्ये निघालं. ते जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचेल. आज अकरावी-बारावीत असलेल्या मुलामुलींनी त्याच्या नोंदी वाचायच्या आहेत. त्यांनी तोवर थांबूही नये. जूनोची मोजमापं नासाच्या संग्रहात सगळ्यांना मोफत खुली आहेत. ती उतरवून घ्या आणि कामाला लागा.