रुजवात

झोपडीच्या दारावर आकडा घालण्याचे काम नळाला पाणी यायच्या वेळी करावे, हा आमच्या कचेरीतील जुना शिरस्ता होता. कारण त्या तासाभरात प्रत्येक घरातले निदान एक माणूस वस्तीत असते, आणि कुलूप पाहून पुढे गेलेल्या कारकुनाला मागाहून कित्येक वर्षे ‘पाहणीच्या वेळी घर बंद’ या आपल्याच शेऱ्याची कैफियत देत बसावे लागते. म्हणून २००३ सालच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण, म्हणजे एक भूमापक, दोन तलाठी, रंगाचा डबा धरलेला शिपाई आणि मी, सकाळी साडेसहाला मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका सरकारी टेकडीच्या पायथ्याशी जमत असू, आणि हंडे-कळशांच्या रांगेतून वाट काढीत एकेका दारावर आकडा घालीत वर चढत असू.

माझी उमेदवारी कोकणातील एका तालुक्यात सात-बारा आणि फेरफार लिहिण्यात गेली होती. तेथे दप्तर आधी आणि मनुष्य मागाहून, असा क्रम होता; आजोबा वारले की बापाचे नाव, बाप वारला की मुलाचे, आणि जमिनीची चतुःसीमा मात्र जिथल्या तिथे. या टेकडीवर मनुष्य आधी आलेला होता, त्याने डोंगर उकरून चौथरा बांधला होता, पत्रे चढवले होते, मुलींची लग्ने लावली होती, आणि दप्तर त्याच्यामागून धापा टाकीत येत होते. त्या दप्तराचा वाहक मी होतो.

योजनेची हकीकत थोडक्यात सांगतो. झोपडपट्टी म्हणजे काय हे १९७१ च्या अधिनियमाने ठरवले, जानेवारी १९७६ मध्ये सरकारने झोपड्यांची खानेसुमारी केली आणि त्यानंतर फोटोपास वाटले, आणि पुढे अफझलपूरकर समितीच्या शिफारशींवरून १९९५ च्या डिसेंबरात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले. त्यामागची युक्ती मोठी चतुर होती. विकासकाने झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांची सदनिका विनामूल्य बांधून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यात उपनगरांत पुनर्वसनाच्या बांधकामाइतकेच बांधकाम बाजारभावाने विकण्यासाठी त्याला करू द्यावे. सरकारच्या तिजोरीतून दमडी न काढता गरिबाला घर मिळावे आणि धनिकालाही नफा व्हावा. मात्र हे चटईक्षेत्राचे बक्षीस विकासकाला केवळ जमिनीकडे बोट दाखवून मिळत नसे. झोपडीधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था असली पाहिजे, आणि पात्र झोपडीधारकांपैकी ७० टक्क्यांनी त्या विकासकाला संमती दिलेली असली पाहिजे, अशी तेव्हा अट होती. तेव्हा ती संस्था खरी आहे काय, तिचे सभासद खरे आहेत काय, आणि ते १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून तेथे राहत आहेत काय, याचा दाखला सक्षम प्राधिकाऱ्याने ज्या तक्त्यात द्यायचा त्याला परिशिष्ट-दोन म्हणतात. तपासणी, पडताळणी, छाननी असे शब्द शासननिर्णयांत येतात. आमचा अव्वल कारकून, जुन्या वळणाचा माणूस, याला रुजवात म्हणे. एका वहीतील रक्कम दुसऱ्या वहीतील रकमेशी जुळवून पाहणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. येथे रकमेच्या जागी माणसे होती.

संस्था म्हणून आमच्यापुढे जे प्रथम येई ते एक रबरी शिक्का, एक इतिवृत्ताची वही आणि मुख्य प्रवर्तक नावाचा एक इसम. संस्थेच्या नावापुढे कंसात ‘नियोजित’ हा शब्द असे, आणि या शब्दाची मला पुढे पुढे गंमत वाटू लागली; कारण कंसातील तो शब्द पुसला जाण्यापूर्वी मुख्य प्रवर्तकाचे केस पिकलेले, कमिटीचे तीन सभासद वारलेले आणि शिक्क्याचे रबर झिजून देवतेच्या नावाचे पहिले अक्षर गेलेले मी पाहिले आहे. इतिवृत्ताच्या वहीवरून तर मी न विचारताच पुष्कळ ओळखू लागलो. जी वही खरोखर सभेत लिहिली गेली असेल तिच्यात शाई बदलते, ओळी तिरप्या होतात, कोणीतरी मध्येच ‘पाण्याचा विषय निघाला’ असे लिहून जातो, आणि ठरावाला विरोध करणाऱ्याचे नाव खोडून पुन्हा लिहिलेले असते. जी वही विकासकाच्या कचेरीत एका बैठकीत लिहून काढली असेल तिच्यात दोन वर्षांच्या अकरा सभा एकाच पेनाने, एकाच उताराच्या अक्षरात, सर्वानुमते मंजूर झालेल्या असतात. टेकडीवरच्या संस्थेची वही पहिल्या प्रकारची होती. तिच्यात एका सभेचे इतिवृत्त अर्ध्या वाक्यात तुटले होते, आणि खाली ‘पाऊस आला’ एवढेच लिहिले होते. ही संस्था अस्तित्वात आहे, अशी माझी तेव्हाच खात्री पटली. पण ‘पाऊस आला’ हा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, असा कोणताही शासननिर्णय नव्हता.

ग्राह्य पुरावे वेगळे होते. पंचाण्णवची मतदारयादी सर्वांत श्रेष्ठ. तिच्यात नाव असले आणि तोच माणूस त्याच झोपडीत आज राहत असला की काम फत्ते. त्याखालोखाल फोटोपास, शिधापत्रिका, वीजबिल, दुकान असेल तर गुमास्ता परवाना, जमीनमालक सरकारी खाते असेल तर नुकसानभरपाईची पावती. हे कागद लोक कशात ठेवतात, यावर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या मागे, उशीच्या खोळीत. आणि २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर तर सर्वत्र प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून, आढ्याला टांगून. ती पिशवी खाली उतरवताना घरातील सगळी माणसे स्तब्ध होत. एकदा एका बाईने मला गेल्या आठ वर्षांची वीजबिले महिनेवार लावून दाखवली, आणि त्यातील एक महिना गहाळ होता म्हणून ती माझ्यापुढे अपराध्यासारखी उभी राहिली. तिचा नवरा बेस्टमध्ये होता की गोदीत, हे आता आठवत नाही. तो गहाळ महिना मात्र आठवतो, तो ऑगस्ट होता.

वाद झडत ते पोटमाळ्यावरून. बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशा झोपडीत थोरला भाऊ खाली आणि धाकटा भाऊ लोखंडी शिडीने वर, दोन चुली, दोन शिधापत्रिका, दोन वीजमीटर, आणि कायद्याच्या दृष्टीने झोपडी एकच. वरच्याला पात्रता नाही. हा नियम निरर्थक नव्हता, हे मी आजही म्हणेन. तो नसता तर एका रात्रीत टेकडीवर तीन-तीन मजले उभे राहिले असते, आणि तसे उभे राहिलेले मी अन्यत्र पाहिलेही आहेत. पण वीस वर्षे वर राहिलेल्या मनुष्याला शिडीखाली उभे राहून हे सांगण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही, त्याने त्या नियमाच्या शहाणपणाविषयी फार बोलू नये. धाकट्याने माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग साहेब, वरचा मीटर कुणाच्या नावानं दिला सरकारनं?” थोरला खाली मान घालून बसला होता. ते दोघे भाऊ त्या दिवसापर्यंत एका ताटात जेवत होते, असे शेजारच्या म्हातारीने मला नंतर सांगितले.

शेजाऱ्यांचीच गोष्ट सांगण्याजोगी आहे. सात-बाराच्या जगात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असे आपण लिहितो, म्हणजे शेजारी हाच हद्दीचा पुरावा असतो. टेकडीवर झोपडीचा पंचनामा करताना तोच रिवाज चालू होता. पण मनुष्य तेथे कधीपासून राहतो, हे ज्यांना तारीखवार ठाऊक होते त्या शेजाऱ्यांच्या जबानीला पात्रतेच्या तक्त्यात स्तंभ नव्हता. दाराच्या चौकटीवर हात ठेवून एक आजी मला सांगत, “हिचा पोरगा माझ्या हातावर झाला, ब्याण्णवच्या दंगलीच्या आधी.” मी ते मानीत असे आणि लिहीत नसे. याच्या उलटही अनुभव येई. गावी परत गेलेल्याची झोपडी विकत घेऊन मूळ मालकाच्या नावाने राहणारा मनुष्य प्रत्येक वस्तीत असे. ते प्रत्येकाला माहीत असे, आणि विचारताच सबंध गल्ली मुकी होई. त्या मौनाला आमच्या दप्तरात लबाडी म्हणत. मला ते पूर्णपणे तसे कधी वाटले नाही. ज्यांच्या हंड्याशेजारी उद्या आपला हंडा लावायचा आहे त्यांच्याविरुद्ध एका फिरत्या कारकुनाजवळ बोलू नये, एवढा विवेक त्यात होताच, आणि संस्था म्हणतात ती याहून फारशी वेगळी वस्तू नसावी.

येथे थोडे विषयांतर करतो. प्राधिकरणाची कचेरी वांद्रे पूर्वेला ज्या रस्त्यावर आहे त्याला प्राध्यापक अनंत काणेकर मार्ग असे नाव आहे. परिशिष्टांचे गठ्ठे घेऊन त्या रस्त्याने जाताना मला नेहमी वाटे की, क्षुल्लक वस्तूत विषय शोधणाऱ्या त्या लघुनिबंधकाराच्या हाती आमच्याजवळचे एखादे वीजबिल पडायला हवे होते. गठ्ठे आत जात, पोच मिळे, आणि चहा बाहेरच्या टपरीवर घ्यावा लागे.

मोजणारा नेहमी सरकारच असला पाहिजे असे नाही, हेही या शहराने पूर्वी पाहिलेले होते. १९८५ साली, ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेच्या हक्काचा जीविताच्या हक्कात अंतर्भाव केला, त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याकडील पदपथवासीयांची स्वतंत्र गणना केली होती. आणि पुढे ‘महिला मिलन’च्या पदपथावरील स्त्रिया स्वतःच्या वस्तीची नोंद स्वतः ठेवू लागल्या. टेकडीवरच्या कमिटीतही एका बाईने अशी वही ठेवली होती. तिच्यात घरांना आकडे नव्हते. ‘पिंपळाजवळची’, ‘पिठाच्या गिरणीमागची’, ‘मुकादमाची धाकटी’ अशा नोंदी होत्या. माझ्या यादीत ४१२ झोपड्या भरल्या आणि तिच्या वहीत ४०९ घरे. तीन कुठून जास्त आली हे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. तिन्ही नुसते पत्रे होते, आत चूल नव्हती, आणि आमच्या पाहणीच्या आदल्या आठवड्यात ते उभे राहिले होते. ते कोणी उभे केले याची चौकशी माझ्या अधिकारात नव्हती. मी तीन आकड्यांपुढे ‘वापर आढळला नाही’ असे लिहिले, आणि सरकारी रुजवात त्या बाईच्या वहीशी जुळली.

सर्वसाधारण सभेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मैदानात मंडप, भोंगा, व्हिडिओ काढणारा एक कंटाळलेला तरुण, विकासकाची पांढऱ्या कपड्यांतील माणसे, आणि हात वर करून किंवा अंगठा उठवून दिलेल्या संमत्या. एकाच घराने दोन विकासकांना संमती दिल्याचे सतरा प्रकार निघाले, आणि त्यांतील बहुतेकांनी निरागसपणे सांगितले की दोघेही चांगले बोलले. सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे होणार असे जेव्हा भोंग्यावरून सांगितले, तेव्हा बायकांच्या बाजूने जो गलका उठला तो मात्र इतिवृत्तात यायला हवा होता.

प्रारूप यादी आम्ही बालवाडीच्या भिंतीवर खळ लावून डकवली. हरकतींची मुदत चालू झाली. रात्री उशिरापर्यंत लोक बॅटरीच्या उजेडात ती वाचीत होते, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना एक शाळकरी मुलगी आकडा, नाव, शेरा असे तिन्ही स्तंभ मोठ्याने वाचून दाखवीत होती. ‘अपात्र’ आले की तिचा आवाज आपोआप बारीक होई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले तो चौथ्या पानावरील एक ओळ नाहीशी झालेली. कोणीतरी पातीने, खालच्या-वरच्या ओळींना धक्का न लावता, बोटभर रुंदीची पट्टी कापून नेली होती. सरकारी कागद विद्रूप केल्याचा पंचनामा झाला, यादी पुन्हा डकवली गेली, आणि ती ओळ कोणाची हे दुसऱ्या प्रतीवरून अर्थातच कळले. तो मनुष्य अपात्र होता. त्याची शिधापत्रिका सत्त्याण्णवची होती. रागाने फाडली असेल, असे आम्ही सर्वांनी धरले.

पुढे ती योजना अडली. कमिटीत दोन तट पडले, विकासक बदलला, प्रकरण न्यायालयात गेले आणि बरीच वर्षे टेकडी होती तशीच राहिली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण मिळाले, आणि अपात्रांचे अर्ज पुन्हा येऊ लागले. माझ्या सेवानिवृत्तीला तेव्हा काही महिने उरले होते. एके दुपारी एका वृद्धाने टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली, रबर काढले आणि एकेक कागद माझ्यापुढे मांडला: सत्त्याण्णवची शिधापत्रिका, वीजबिले, आणि सर्वांत वर, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली, बोटभर रुंदीची एक पिवळी पट्टी. झोपडी क्रमांक, नाव, क्षेत्रफळ, शेरा: अपात्र. अक्षर माझे होते.

“ही कशाला जोडली?” मी विचारले.

“साहेब, सरकारच्या कागदावर नाव आणि दाराचा नंबर एका ओळीत, असं माझ्याकडे दुसरं काही नाही,” तो म्हणाला. “अपात्र का असेना, पण तुम्ही आला होतात तेव्हा मी घरात होतो, हे तर त्यात आहे ना?”

पुराव्यांच्या तक्त्यात त्या पट्टीला बसेल असा स्तंभ नव्हता. मी शेवटच्या ‘इतर’ या रकान्यात तिची नोंद केली, पुढे ‘मूळ पाहून परत’ असे लिहिले, सही केली, आणि पट्टी त्याच्या हाती दिली. त्याने ती पुन्हा पिशवीत सर्वांत वर ठेवली आणि रबर लावले.