विहिरीचे गणित

एक उदाहरण सोडवा. एका गोल विहिरीचा व्यास ३ मीटर असून तिच्यात ४ मीटर खोल पाणी आहे. तर विहिरीत एकूण किती लिटर पाणी असेल?

त्रिज्या १.५ मीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. ३.१४ × १.५ × १.५ × ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तेव्हा उत्तर आले २८,००० लिटर. एखाद्याने घाईत त्रिज्येऐवजी व्यासच घेतला, तर उत्तर येईल १,१३,००० लिटर, म्हणजे चौपट! वहीत अशा चुकीने दोन गुण जातात आणि तास संपला की आपण ती विसरून जातो.

आता हीच विहीर नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा गावात आहे, असे समजा. पावसाळ्यात तिच्यात टीसीएल, म्हणजेच विरंजक चूर्ण, टाकायचे आहे. ३३ टक्के क्लोरीन असलेले चांगले चूर्ण असेल, तर १,००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. बरोबर उत्तराप्रमाणे ७० ग्रॅम चूर्ण लागेल. चुकीच्या उत्तराप्रमाणे २८० ग्रॅम. तेवढे टाकले तर पाण्याला उग्र वास येईल आणि लोक ते पाणी सोडून ओढ्याच्या गढूळ पाण्याकडे वळतील. उलट चूर्ण कमी पडले, तर रोगजंतू जिवंत राहतील. गणित तेच; पण आता ते गावाच्या आरोग्याशी जोडले गेले. असे गणित करणारा विद्यार्थी ते दोनदा पडताळून पाहील, नाही का?

पाबळचा प्रयोग

नेमक्या याच विचारावर एक शिक्षणपद्धती उभी राहिली आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे कमी पावसाचे गाव आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तेथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले डॉ. कलबाग आधी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते. ती नोकरी सोडून ते खेड्यात आले, ते हाताने काम करीत शिकण्याची पद्धत शाळेत रुजविण्यासाठी. २००३ साली त्यांचे निधन झाले; त्यांनी सुरू केलेले काम आजही चालू आहे.

त्यांच्या प्रयत्नांतून इयत्ता आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष काम करतात. कामाचे विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. फाटक जोडणे, वीजजोडणी करणे, रोपे तयार करणे, माती व पाणी तपासणे, रक्तगट ओळखणे अशी ही कामे आहेत.

श्रमातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ मांडली, तिचा पायाही हाच होता. पाबळने तिला आधुनिक तंत्रज्ञानाची जोड दिली, आणि आणखी एक गोष्ट केली. विद्यार्थ्यांनी गावासाठी केलेल्या कामाचा रास्त मोबदला घ्यायचा, असे ठरविले. त्यातून सामानाचा खर्च निघतो, हा एक लाभ. पण त्याहून मोठा लाभ निराळाच आहे. पैसे देणारा शेतकरी वस्तू पारखून घेतो. फाटकाचा सांधा निसटला, तर तो फाटक घेऊन परत येतो! त्याच्यासारखा परीक्षक कोणत्याच परीक्षेत भेटत नाही.

काळी बाटली काय सांगते?

धानोऱ्यातच काय, कोणत्याही शाळेत करता येईल असे एक सेवाकार्य म्हणजे पिण्याच्या पाण्याची तपासणी. भारतीय शास्त्रज्ञ मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ साली त्यासाठी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत कागदाची एक पट्टी असते. तिच्यात जंतूंचे खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार शोषलेला असतो. बाटली पाण्याने भरून सुमारे ३० ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात एक दिवस ठेवतात. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असतील, तर त्यांतले काही हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. लोहाशी त्याचा संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते आणि पाणी काळे पडते.

मात्र येथे शिस्त हवी. हात न लावता बाटली उघडावी, नमुन्याची जागा व वेळ लगेच लिहावी. उकळून थंड केलेल्या पाण्याची एक बाटली तुलनेसाठी ठेवावी. तीही काळी झाली, तर चूक विहिरीची नसून आपली आहे, हे समजावे. काळ्या बाटलीत जंतू पुष्कळ वाढलेले असतात. ती पुन्हा उघडू नये, शिक्षकांच्या देखरेखीखाली आरोग्यसेवकाच्या स्वाधीन करावी. शिवाय ही चाचणी पहिली सूचना तेवढी देते. बाटली काळी झाली, तर नमुना प्रयोगशाळेत पाठविलाच पाहिजे. आणि ती काळी झाली नाही, तरी फ्लोराइडसारखे क्षार पाण्यात असू शकतात.

वहीपासून ग्रामसभेपर्यंत

निकाल हाती आला, म्हणजे अर्धेच काम झाले. ‘अमक्यांची विहीर घाण’ असे गावभर सांगत सुटलात, तर भांडण होईल. पाणी काही शुद्ध होणार नाही. आधी शिक्षकांसह ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. विहिरीत चूर्ण टाकण्याचे व पाण्यातील क्लोरीन तपासण्याचे काम त्याचेच असते. चूर्ण किती टाकायचे, हेही तोच ठरवील. तुम्ही त्याला विहिरीचे अचूक मोजमाप द्या. अर्ध्या तासानंतर पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे काय, ते त्याच्यासोबत पाहा. विहिरीला कठडा नसेल, सांडपाणी जवळ मुरत असेल, तर त्याचा नकाशा काढा. ग्रामसभेत मत देण्याचे तुमचे वय नाही. पण तारीखवार लिहिलेली तुमची वही शिक्षक वा पालक तेथे मांडू शकतात. आकडे समोर असले, म्हणजे चर्चा मुद्द्यावर राहते.

अशा कामात रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूमिती आणि नागरिकशास्त्र हे विषय एका विहिरीच्या काठावर एकत्र येतात. तेव्हा मोजपट्टी, दोरी आणि वही घ्या. काठावर वाकू नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या.

सांगा पाहू, तुमच्या गावातल्या विहिरीचा व्यास किती?