सफरचंदाचा आंबे बहार

सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ साली सिमल्याजवळच्या कोटगढ भागात अमेरिकेतल्या डिलिशस जातीची झाडे लावली आणि पुढच्या शंभर वर्षांत सफरचंद म्हणजे हिमाचल, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. पिंपरी-चिंचवडच्या अंगणात त्याला जागा असण्याचे कारणच नव्हते. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, निगडी-आकुर्डीत बंगल्यांचे प्लॉट पडले आणि कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी तिथे आपल्या ओळखीची झाडे लावली : आंबा, नारळ, पेरू, सीताफळ, दारात कढीपत्ता. गेल्या दशकभरात या रांगेत सफरचंद येऊन उभे राहिले आहे. या दशकात सगळी चर्चा झाली ती जातीची : कोणती आणायची, कुठून आणायची, कितीला पडते. पण जात हे निम्मेच उत्तर आहे. उरलेले निम्मे झाडाच्या विसाव्यात आहे आणि विसावा कसा द्यायचा हे महाराष्ट्रातल्या बागाइतदाराला केव्हाचे ठाऊक आहे.

जातींचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. इस्रायलमधल्या एन शेमर या वस्तीत अब्बा स्टाइन यांनी कमी थंडीत फळणारी ‘अॅना’ तयार केली. बहामाजमधल्या नासाउ इथे आयरीन डॉर्सेट यांच्या बागेत सापडलेले झाड ‘डॉर्सेट गोल्डन’ म्हणून जगभर गेले. आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे. तिथला उन्हाळा कडक, सफरचंदाच्या पट्ट्यापेक्षा गाव कितीतरी खाली. तरीही हरिमन शर्मा यांच्या अंगणात बियांपासून उगवलेले झाड फळले. तीच ‘एचआरएमएन-९९’. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने ती देशभर ठिकठिकाणी लावून पाहिली आणि २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री जाहीर झाली. या जातींनी मैदानातल्या सफरचंदाचे दार उघडले. पुढे रोपवाटिकांच्या जाहिरातींत मात्र ‘कमी थंडी लागते’ याचे ‘काहीच लागत नाही’ असे झाले, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

सफरचंदाची कळी हिवाळ्याआधी झोपी जाते आणि पुरेशी थंडी मिळाली की उठते. डिलिशसला साधारण सात अंश सेल्सिअसखालचे हजारभर तास लागतात, अॅनाला दोन-तीनशे. पुण्याच्या नोंदीतले सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ चे. एरवी डिसेंबर-जानेवारीत पारा सात अंशांखाली जातो तो मोजक्या पहाटे, काही तासांपुरता. म्हणजे अॅनाचीही भूक इथे भागत नाही. त्याची खूण झाडावरच दिसते. जानेवारीत इथल्या सफरचंदावर जुनी पाने तशीच लोंबत असतात : जाड, कडक, कडांना तांबूस पडलेली. फेब्रुवारीत फांदीच्या टोकाला कोवळ्या पानांचा झुपका येतो आणि खालची हातभर फांदी मात्र काठीसारखी उघडी राहते, कारण तिच्यावरच्या कळ्या जाग्याच झालेल्या नसतात. पुष्कळ घरांत याच टप्प्यावर झाडाला नावे ठेवली जातात. खरे तर ते आजारी नसते. अर्धवट झोपेत असते.

इंडोनेशियात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर, पूर्व जावामधल्या बातूच्या डोंगराळ भागात सफरचंदाच्या बागा आहेत. तिथे हिवाळा नाहीच. फळे उतरवल्यावर काही आठवड्यांत माणसे हाताने झाडाची सगळी पाने काढतात, फांद्या वाकवून आडव्या बांधतात. कळी गाढ झोपेत जाण्याआधीच फुटते आणि वर्षाला दोन पिके निघतात. मराठी शेतकऱ्याला हे नवल वाटू नये. द्राक्षवेल मुळात थंड मुलखातली, पानगळीची; पण नाशिक-सांगलीत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांवर ती वर्षानुवर्षे चालते आहे. डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात, पाने गाळतात, मग पाणी सोडून बहार धरतात : आंबे, मृग किंवा हस्त. निसर्ग जो विसावा देत नाही तो माणसाने द्यायचा, ही आपल्या फळबागेची जुनीच रीत आहे. इथल्या सफरचंदाला साजेसा बहार म्हणजे आंबे बहार : डिसेंबरात पाणी कमी करायचे, महिनाअखेरीस उरलेली पाने देठाशी कात्रीने कापायची, हलकी छाटणी करायची, उभ्या फांद्या सुतळीने आडव्या ओढायच्या आणि जानेवारीत शेणखत घालून पाणी सुरू करायचे. त्या हिशेबाने फळ मृगाचा पाऊस लागण्याच्या सुमारास तयार होते.

यावर पहिला आक्षेप असा, की पेरू-सीताफळ एवढी सहज येत असताना हा खटाटोप कशाला? किलोच मोजायचे असतील तर आक्षेप बरोबर आहे, आणि अंगणात एकाच झाडाची जागा असेल तर ती पेरूचीच. मे महिन्यातल्या गरम रात्रींत सफरचंदाला हवी तशी लाली चढत नाही, गर लवकर पिठूळ होतो, फळ टिकत नाही. ते झाडावरून काढून त्याच आठवड्यात खायचे फळ आहे. पण घरची बाग केवळ उत्पन्नासाठी नसते. ज्या शहरातली माणसेच दूरदूरहून येऊन रुजली, तिथे परक्या झाडाला रुजवण्याचे मोल वेगळे सांगायला नको. दुसरा आक्षेप पाण्याचा. शहराला २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी मिळते. पण आंबे बहाराच्या या झाडाला पाणी तोडणे हाच वर्षाचा एक टप्पा आहे. उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असले तर एक दिवसाची खोट भरून निघते. खरा धोका जुलै-ऑगस्टचा. बंगल्याच्या भरावाच्या जमिनीत मुरूम आणि राडारोडा दाबून बसवलेला असतो, पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. म्हणून झाड उंचवट्यावर लावावे, कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा आणि खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सिमेंटच्या शहरात रात्री आधीच गरम होत चालल्या आहेत; मग थंडीच्या झाडाचा हट्ट कशाला? नुसत्या थंडीच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी हा आक्षेप बिनतोड आहे. पण हाताने केलेल्या पानगळीचा विसावा घड्याळावर चालतो, पाऱ्यावर नाही. थंडी आपल्या हातात नाही; कात्री, सुतळी आणि पाण्याची पाळी आहे. झाडाला कधी थांबवायचे हे ओळखण्याचे जे ज्ञान आपल्या डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांत पिढ्यांनी जमा केले, ते प्राधिकरणातल्या एका अंगणापर्यंत आले, तर या दशकभराच्या लागवडीला खरे फळ धरेल.