ज्या संगीतात ‘सा’ सापडत नाही

घरी पेटी किंवा मुलांचा कीबोर्ड असेल तर एक प्रयोग करून पाहा. सप्तकातले बाराही स्वर, कोमल-तीव्र सगळे धरून, मनाला येईल त्या क्रमाने वाजवा. अट एकच: बाकीचे अकरा वाजून होईपर्यंत कुठलाही स्वर परत घ्यायचा नाही. मग तोच क्रम शेवटाकडून वाजवा. मग मूळ क्रमात सूर जिथे जेवढा चढला होता तिथे तेवढाच उतरवा. आता हे गुणगुणून दाखवा बरं!

ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग याने १९२०च्या दशकात साधारण हीच पद्धत बसवली (प्रत्यक्षात तो थोडी मुभा घेत असे). बारा स्वरांची एक माळ. ती सरळ, उलटी, पालटलेली आणि उलटी-पालटलेली अशा चार रूपांत, आणि प्रत्येक रूप बारांपैकी कुठल्याही स्वरापासून. म्हणजे ४८ माळा. त्यांतून अख्खी रचना विणायची. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात या पद्धतीला मानाचं पान आहे, पण हौसेने ऐकणारे आजही मूठभरच. असं का?

‘कर्कश वाटतं म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही. कर्कश तर हेवी मेटलही असतं आणि त्याला स्टेडियम भरतात. खरी अडचण अंदाजाची आहे. संगीत ऐकताना मेंदू सतत पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. तानपुरा छेडला की ‘सा’ हे घर ठरतं. गायक कितीही भटकला तरी तो कुठे परतणार हे आपल्याला आधीच जाणवतं. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवतं ते फक्त उत्कर्षाच्या क्षणी नव्हे, तर तो क्षण येणार याची वाट पाहतानाही. बारा स्वरांच्या माळेत सगळे स्वर समान हक्काचे. वादी नाही, संवादी नाही, सा तर नाहीच. वाट पाहायची तरी कशाची?

तुम्ही म्हणाल, हा नुसता सवयीचा प्रश्न आहे. परदेशी माणसाला आपला मारवा तरी कुठे कळतो? इथेच गंमत आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रमहान्सल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली उत्तर हिंदुस्थानी राग भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांना ऐकवले. रागाचा तुकडा झाला की एक सुटा स्वर वाजवायचा आणि ‘हा कितपत जुळतो?’ असं विचारायचं. थाटाची जाण फक्त भारतीयांच्या उत्तरांत दिसली. पण सा, पंचम आणि वादी महत्त्वाचे आहेत हे पाश्चात्त्य कानांनाही कळलं! कारण रागात हे स्वर वारंवार येतात, त्यांच्यावर ठेहराव असतो. कान ते मोजत जातो, कुणी न शिकवता. शोनबर्गच्या माळेत मोजण्यासारखं काही उरू नये अशीच रचना आहे.

१९८७ साली याच पद्धतीने शोनबर्गच्या माळा तपासल्या गेल्या. ज्यांचं संगीतशिक्षण कमी होतं, त्यांचे कान तिथेही ओळखीच्या सुरावटींचे तुकडे शोधत राहिले. जास्त शिकलेल्यांना मात्र ‘नुकताच वाजलेला स्वर इतक्यात येणार नाही’ हे जाणवत होतं. म्हणजे अंदाज बांधता येतो, पण मेहनतीने.

त्यात शोनबर्गचे सूर सप्तकं ओलांडत उड्या मारतात. डायना डॉइच यांनी १९७२ साली ‘यँकी डूडल’ या अमेरिकेत सर्वांना पाठ असलेल्या चालीचे स्वर तेच ठेवून तीन सप्तकांत कसेही विखरून टाकले. चाल ओळखू येईना. ‘जन गण मन’वर हे करून घरच्यांना ओळखायला लावा.

शोनबर्गला ही अडचण ठाऊक होती. १९१३ साली व्हिएन्नात त्याने चालवलेल्या मैफलीत (तेव्हा बारा स्वरांची पद्धत यायची होती, पण ‘सा’ निसटायला लागला होता) श्रोत्यांत हाणामारी होऊन कार्यक्रम अर्धवट थांबला. पुढे १९१८मध्ये त्याने सभासदांपुरती एक संस्था काढली. तिथे टाळ्या नाहीत, हुर्यो नाही, समीक्षकांना प्रवेश नाही आणि नवी रचना पुन्हा पुन्हा वाजवायची. मला हा माणूस इथे आवडतो. सारखं कानावर पडलं की आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडलं. शोनबर्गने ते ५० वर्षं आधी करून पाहिलं. लोकांनी आपल्या चाली चायकोव्हस्कीच्या चालींसारख्या शिटीवर वाजवाव्यात, असं त्याला उतारवयातही वाटत होतं. पण ज्याचा पहिल्यांदाच तिटकारा आला, ते परत कोण ऐकतं? शिवाय स्ट्रीमिंगवर पुढचं गाणं एका बोटावर असतं.

तरीही ऐकून पाहायचं असेल, तर थेट शोनबर्गकडे जाऊ नका. त्याचा शिष्य आल्बान बेर्ग याच्या १९३५च्या व्हायोलिन कॉन्चेर्टोपासून सुरुवात करा. अठराव्या वर्षी पोलिओने गेलेल्या मानोन ग्रोपियस या मुलीच्या स्मृतीला ही रचना वाहिलेली आहे. माळ इथेही बारा स्वरांचीच, पण बेर्गने ती अशी निवडली की तिच्या पोटात ओळखीचे मेजर-मायनर स्वरसमूह लपलेले आहेत. माळेचे शेवटचे चार स्वर बाखच्या एका प्रार्थनागीताच्या सुरुवातीशी जुळतात. शेवटच्या भागात ते गीत प्रकट होतं, आणि इतका वेळ चाचपडणाऱ्या कानाला जमीन लागते. पहिल्यांदा निसटलं तर दुसऱ्यांदा तिथेच लक्ष ठेवा.