यकृतातली साधी गाठ केव्हा बिघडते?

पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि अहवालात ‘यकृतात गाठ’ असे आले, की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. बहुधा ती रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा असते. तिचा कर्करोग होत नाही. लक्ष ठेवायचे ते अ‍ॅडिनोमावर. गर्भनिरोधक गोळ्यांशी त्याचा संबंध १९७३ साली दाखवण्यात आला.

अ‍ॅडिनोमाही सहसा साधाच राहतो. पण काही गाठींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे जनुक बिघडते. हे प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देते व काम झाले की पेशी ते मोडून टाकते. बिघाडानंतर ते मोडले जात नाही, हुकूम चालूच राहतो. तरी पेशी किती वेळा दुभंगणार याला मर्यादा असते. पुढे टर्ट नावाचे जनुक अवेळी जागे झाले, की तीही उरत नाही.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संशोधनासाठी हेप-जी-२ या पेशी जपल्या आहेत. अर्जेंटिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातील कर्करोगातून त्या मिळाल्या. त्यांत हे दोन्ही बिघाड आढळतात!

पुरुषांतील अ‍ॅडिनोमा अधिक धोक्याचा, म्हणून तो लहान असला तरी काढण्याचा सल्ला देतात. शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. स्त्रियांना डॉक्टर गोळ्या थांबवून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतात. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठीच राहिली तर शस्त्रक्रिया. जुन्या फिल्म मात्र टाकू नयेत, तुलनेला त्याच लागतात.