दुनळीच्या बिजागरीला काय लावावं?

ऑलिंपिकच्या ट्रॅप नेमबाजीत पात्रता फेरीत प्रत्येक खेळाडूला 125 तबकड्या टिपायच्या असतात. प्रत्येक तबकडीनंतर बंदूक बिजागरीत मोडायची, उडालेली काडतुसं काढायची, नवी भरायची आणि पुन्हा मिटायची. वर्षभराच्या सरावासह हिशेब केला तर ही उघडझाप हजारोंच्या घरात जाते. इटलीतल्या ब्रेशा परिसरात घडलेल्या चांगल्या बंदुका अनेक वर्षं टिकतात, त्याचं श्रेय पोलादाला आहेच. पण बिजागरीत काय लावलं जातं, यावरही त्यांचं आयुष्य तितकंच ठरतं. नेमकी इथेच गल्लत होते. तेलाची एकच बाटली आणली जाते आणि तेच तेल सगळीकडे सोडलं जातं.

बार उडताना काय होतं, ते आधी पाहू. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो. युरोपीय मानकांनुसार साध्या बारा बोअर काडतुसाला कमाल 740 बार दाबाची मुभा आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सातशेहून अधिक पट. गुणाकार केला तर काडतुसाच्या बुडावर क्षणभर जवळजवळ दोन टनांचा रेटा येऊ शकतो. हा रेटा मागची पोलादी भिंत मागे आणि नळ्या पुढे ढकलू पाहतो. त्यांची फारकत होऊ देत नाहीत ते नळ्यांखालचा हूक, बिजागरीची पिन आणि अडसर. हेच भाग दर उघडझापीला एकमेकांवर घासतात.

मोटारीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्या वेगानेच तेल फटीत ओढलं जातं आणि लोखंड लोखंडाला न शिवता तेलाच्या थरावर तरंगतं. भर पावसात भरधाव गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं, तसंच. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये याचं गणित मांडलं. बंदुकीच्या बिजागरीला मात्र हा लाभ मिळत नाही. ती सावकाश थोडीशी वळते आणि थांबते. वेग नाही, भार मोठा. मग पातळ तेल फटीतून पिळून बाहेर पडतं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादावरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना टेकतात, चिकटतात आणि ओरबाडून निघतात. एकदा असा ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक फेरीला वाढत जातो. विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी 1922 मध्ये या अवस्थेतल्या वंगणाचा अभ्यास मांडला. इथे तेलाच्या दाटपणापेक्षा त्याचे रेणू धातूला कसे धरून राहतात, हे महत्त्वाचं ठरतं.

म्हणून बिजागरीला ग्रीस हवं. ग्रीस म्हणजे साबणाच्या तंतूंच्या जाळीत अडकवलेलं तेल. ते जागा सोडत नाही आणि दाब आला की थोडं थोडं तेल सोडतं. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असेल तर उत्तम. या काळ्या भुकटीचे थर एकमेकांवरून सहज सरकतात आणि तेल पिळून गेलं तरी धातूवर टिकून राहतात. ग्रॅफाइटही थरांचंच असतं, पण ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बंदुकीत ते टाळावं. ओल मिळाली की त्या जोडीत ॲल्युमिनियम गंजतं.

ग्रीस कुठे लावायचं हे बंदूकच सांगते. जिथे धातू घासून चकचकीत झालाय, तिथेच. जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसायचं, कारण त्यात धूळ आणि जळक्या दारूची राख मिसळून पॉलिशपेपरसारखा लगदा झालेला असतो. त्यावरच नवा थर चढवणं म्हणजे झीज वाढवणं. नवं ग्रीसही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच पुरतं.

आतल्या कमानी, चाप, फायरिंग पिन यांचं गणित वेगळं. तिथे ग्रीस थिजून चाल मंदावते, म्हणून पातळ तेलाचा एखादा थेंब बस्स. चेंबर आणि नळी तर बार काढण्यापूर्वी कोरडीच हवी. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची भिंतीवरची पकड सुटते आणि मागच्या भिंतीवरचा रेटा वाढतो. जादा तेलाचा आणखी एक बळी म्हणजे दस्ता. बंदूक नळ्या वर करून उभी ठेवली की तेल हळूहळू अक्रोडाच्या लाकडात झिरपतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि बाराच्या धक्क्याने चिरतं.

आपल्याकडे चित्र थोडं निराळं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेल्या बंदुका आहेत. त्यातून बार कमी निघतात. त्यांना झिजेपेक्षा गंज खातो. खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि हाताच्या घामातलं मीठ पोलादाला सोडत नाही. घरात सापडेल ते खोबरेल किंवा शेंगतेल चोळणं हा यावरचा उपाय नाही. शेंगतेल हवेशी संयोग पावून चिकट राळ होतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. शिलाई मशीनचं तेल कमानींना चालेल, पण गंज रोखणारी द्रव्यं त्यात क्वचितच असतात. 1953 मध्ये अमेरिकेत तयार झालेलं डब्ल्यूडी-40 पाणी हाकलायला चांगलं. भिजलेल्या बंदुकीवर जरूर फवारा, पण त्याचा मोठा भाग उडून जातो. बिजागरीचं वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. गंजरोधक तेल म्हणून विकलं जाणारं, धातूला धरून राहणारं तेलच बाहेरून लावावं.

बिजागरी झिजली का, हे पाहणं सोपं आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढा आणि बंद बंदुकीच्या नळ्या हलवून पाहा. तो तुकडा जागेवर असताना त्याची स्प्रिंग ढिलाई झाकते. खुळखुळ जाणवली तर ग्रीसने ती भरून निघणार नाही. बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्या.

निवडणुकीच्या काळात अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. देण्याआधी ती कोरड्या फडक्याने पुसा, आतून-बाहेरून गंजरोधक तेलाचा पातळ हात फिरवा आणि चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बांधून ठेवू नका, कारण खोळ ओल धरते. परत मिळाल्यावर चेंबर आणि नळीतलं तेल पुसून काढल्याशिवाय पहिला बार काढू नका.