दाढ नव्हे, नस दुखते

गालाला नुसता वारा लागला, की कळ. घास तोंडात घातला, की कळ. दात घासायला, दाढी करायला, चूळ भरायला माणूस भितो. कळ वीज चमकावी तशी येते. काही क्षण राहते, फार तर एकदोन मिनिटे. मग जाते, आणि पुन्हा येते. बघणाऱ्याला गालावर ना सूज दिसते, ना लाली. मग घरचेच लोक म्हणतात, "सोंग करतोय!"

हे सोंग नव्हे. हा नसेचा रोग आहे. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. नाव लांबलचक आहे, पाठ नाही केले तरी चालेल.

आपल्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी नस आहे. रक्ताची नव्हे, मेंदूला खबर पोचवणारी. तिला तीन फांद्या. एक कपाळाकडे व डोळ्याकडे जाते, दुसरी गालाकडे व वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. मेंदूजवळ बहुधा एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकते. ती सारखी उडत असते. त्याने नसेवरचे वेष्टण झिजते. विजेच्या तारेवरचे रबर झिजले म्हणजे काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तसेच इथे होते. साधा स्पर्श झाला, तरी मेंदूला खबर जाते ती भयंकर कळेची. हा रोग बहुतेक पन्नाशीनंतर होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

नसेची फांदी दातांपर्यंत जाते, म्हणून माणूस फसतो. आमच्या माहितीतल्या एका मावशींनी एकामागून एक तीन दाढा काढवल्या. तिन्ही चांगल्या होत्या. कळ राहिली तशीच, आणि भाकरी चावायची पंचाईत झाली. ही फसगत जुनीच आहे. इंग्लंडचे विचारवंत जॉन लॉक हे वैद्यही होते. १६७७ साली पॅरिसमध्ये त्यांनी एका इंग्रज राजदूताच्या पत्नीला हाच रोग झालेला पाहिला. त्या बाईंनीही आधी दात उपटून घेतले होते. तेव्हा दातांच्या डॉक्टरला जरूर दाखवा, पण दाताचा दोष नक्की दिसल्याखेरीज दाढ काढू देऊ नका.

उपाय आधी गोळ्यांचा. कार्बामाझेपिन नावाची गोळी १९६२ सालापासून या रोगावर देतात. पुष्कळांना तिने आराम पडतो. पण झापड येते, चक्कर येते. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. आपल्या मनाने गोळी वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये.

गोळी पुरत नाही किंवा सोसत नाही, तेव्हा दुसरी वाट. कानामागे कवटी उघडून ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करतात. याचा गुण पुष्कळ वर्षे टिकतो. पण वय झालेल्या किंवा हृदय अधू असलेल्या माणसाला ही शस्त्रक्रिया झेपेलच असे नाही. अशांसाठी सुईचा उपाय आहे. त्याला रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात. गाण्याच्या रेडिओशी त्याचा संबंध एवढाच : घरातल्या दिव्याची वीज सेकंदाला ५० फेरे करते, या यंत्रातली वीज सुमारे ५ लाख. रेडिओच्या लहरी अशाच झपाट्याच्या असतात, म्हणून ते नाव. या विजेने झटका बसत नाही. सुईच्या टोकाशी उष्णता तयार होते.

डॉक्टर थोडा वेळ झोपेचे औषध देतात. मग ओठाच्या कोपऱ्याच्या बाजूने, गालातून एक लांब सुई आत नेतात. क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत बघत ती कवटीच्या तळाच्या एका छिद्रातून, तिन्ही फांद्या जिथे मिळतात तिथे पोचवतात. गाल कापावा लागत नाही. मग माणसाला जागे करतात, अगदी बारीक वीज सोडतात आणि विचारतात, "मुंग्या कुठे येताहेत?"

इथे खरे बोलावे. आपली माणसे डॉक्टरसाहेबांपुढे भिडेने "हो, हो" म्हणतात. तसे करू नका. दुखणे खालच्या जबड्याचे आणि मुंग्या कपाळाला, तर सुई भलत्या जागी आहे. तुम्ही सांगाल तरच डॉक्टर ती सरकवतील. जागा बरोबर लागली, की पुन्हा झोपवून टोक ६० ते ८० अंशांपर्यंत, मिनिटभर तापवतात. कळेची खबर नेणारे धागे त्याने निकामी होतात.

बहुतेकांची कळ लगेच थांबते. पण गाल बधिर होतो, हे आधीच समजून घ्यावे. बधिर गाल दाताखाली सापडतो, गरम चहाचा चटका कळत नाही. काही दिवस चावायला जोर कमी पडतो. जपायचे ते डोळ्याला. क्वचित डोळाही बधिर होतो. मग मळणीचे कूस आत गेले तरी समजत नाही. डोळा लाल दिसला, की दुखत नसला तरी दाखवावा.

काही वर्षांनी कळ परत येऊ शकते. तेव्हा हाच उपाय पुन्हा करता येतो. म्हणून दवाखान्याचे कागद आणि मेंदूचे फोटो टाकून देऊ नका. मुंबईच्या के. ई. एम.सारख्या मोठ्या रुग्णालयांत मेंदू व नसांचा वेगळा विभाग असतो. तिथे जाताना तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.